टॅको किट नको, काळे वाटाणे भिजत घाला

ताई, तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजून घेण्यात चूक झाली असेल तर कळेल. चिपळूणला राहता, नवराबायको दोघंही नोकरीवर, मुलगी १३ ची मुलगा ८ चा, दोघं मुंबईला मामाकडे मेक्सिकन टॅको (पातळ भाकरीत सारण भरून दुमडलेले) नि नाचोज खाऊन आली आणि तेव्हापासून घरात तोच धोशा. दुकानातलं तयार किट एकदा आणलंत, महाग पडलं आणि कवचं मोडून अर्धं ताटात राहिलं. अवाकाडो मिळत नाही, सासूसासऱ्यांना तिखट चालत नाही, दाताचाही प्रॉब्लेम, सोमवारी घरात मासे-मटण नाही आणि संध्याकाळी तुमच्या हातात जेमतेम पाऊण तास. यात बसेल असं काय करता येईल, बरोबर ना?

येईल की, आणि किटपेक्षा बरं येईल.

मी गुहागर तालुक्यातला, १८ वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होतो आणि आता बायको नि मी मिळून घरगुती खानावळ चालवतो. जहाज कधी मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदराला लागायचं, कधी पॅसिफिकच्या बाजूला मान्सानियोला. सुट्टी मिळाली की बाकीची पोरं कुठे कुठे जायची, मी आपला बाजारात, कारण कुकला दुसऱ्याच्या चुलीत डोकावल्याशिवाय राहवत नाही. तिथे जे बघितलं ते हॉटेलातल्या मेक्सिकनपेक्षा आपल्या घराच्या जास्त जवळचं होतं. पाट्यासारखा दगड, त्याला ते मेताते म्हणतात, त्यावर दळायला दगडाचा लांबट वरवंटा. खलबत्त्यासारखा तीन पायांचा दगडी मोल्काहेते. मातीचा तवा, त्याचं नाव कोमाल, आणि त्याला चिकटू नये म्हणून चुन्याचं पाणी फासलेलं. मान्सानियो ज्या कोलिमा राज्यात येतं तिथे तर रस्त्यावर माडी विकताना बघितली, खरंच माडी, नारळाच्या पोयीतून काढलेली, तिला तुबा म्हणतात आणि वरून शेंगदाणे टाकून देतात. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्सच्या मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्कोला स्पॅनिश गलबतं जायची, त्या वाटेने नारळही गेला आणि माडी काढायची विद्यापण. आणि उलट बाजूने आपल्याकडे मिरची, मका, टोमॅटो, पेरू, पपई हे सगळं त्या अमेरिका खंडातून पोर्तुगीज लोकांमुळे आलं. म्हणजे मिरचीची लाल चटणी आज आपण आपली म्हणतो, तिचं मूळ माहेर तिकडेच.

हे लांबण लावलं कारण तुम्ही लिहिलंय की मेक्सिकनला लागणारं सामान इथे मिळत नाही. सामान मिळतं, सवय आड येते.

माझीच सांगतो. पहिल्या वर्षी आमच्या जहाजावर एक मेक्सिकन ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा, होता, त्याच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने राजमा केला, टॉर्टिया, म्हणजे त्यांच्या पातळ भाकऱ्या, केल्या, वर टोमॅटोची चटणी. राजम्याला जिरं-हिंगाची फोडणी, हळद, शेवटी चमचाभर गरम मसाला, कारण हात थांबतच नव्हता. त्याने सगळं संपवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, करी छान झाली. झालं! तेव्हापासून मी एक नियम धरला आणि तोच तुम्हाला देतो: मेक्सिकन करायचं त्या दिवशी फोडणी विसरायची. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही, कढीपत्ता नाही, गरम मसाला नाही, मालवणी मसाला तर नाहीच, आणि कोकणी माणसाला सांगायला जीव जड होतो पण खोबऱ्याचं वाटणही नाही. जिरं हवं तर चिमूटभर. जिऱ्याचा मारा, पिवळं चीज, यू आकाराची कडक कवचं हे सगळं टेक्सासकडचं, अमेरिकेत जमलेलं खाणं आहे. वाईट नाही, पण घरी करायला तेच सगळ्यात महाग आणि सगळ्यात कंटाळवाणं.

मग चव येते कुठून? भाजण्यातून. सुक्या तव्यावर, तेलाचा थेंब न घालता. तुमच्याकडे बिडाचा तवा असेल, घावन घालायचा, तो काढा. चार मध्यम टोमॅटो अख्खे ठेवा, अर्धा कांदा जाड चकत्या करून, लसणीच्या तीन-चार पाकळ्या सालासकट. गॅस मध्यम. हलवत बसू नका, तवा तापू दे आणि टोमॅटोला एका बाजूने चांगले काळे डाग पडू देत, साल फुटून रस तव्यावर सांडून करपायला लागला की मग उलटा. दहा-बारा मिनिटं जातात. लसूण सालीच्या आत मऊ होते, साल सोलली की पाकळी तुपासारखी बोटावर येते. आता त्याच तव्यावर चार ब्याडगी मिरच्या, देठ नि बी काढलेल्या, आणि इथे मात्र तव्यापुढून हलायचं नाही. मिरचीला वीस सेकंद पुरतात, जरा फुगली, रंग तपकिरीकडे झुकला, वास आला की उचला, काळी झाली तर कडू आणि मग त्या कडूपणाला साखर, गूळ, काही काही औषध नाही, मिरची टाकून नवीन घ्या. ती गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. मग सगळं मिक्सरला, पण गर्रकन नाही, थांबत थांबत दोन-तीन वेळा फिरवायचं, भरडसर राहिलं पाहिजे. मीठ. झाली साल्सा. ब्याडगीला रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, म्हणून सासऱ्यांना चालेल. मोठ्यांना झणका हवा असेल तर अर्धी साल्सा बाजूला काढून तिच्यात एक संकेश्वरी मिरची तशीच भाजून वाटा, दोन वाट्या ठेवा टेबलावर, भांडण मिटलं.

हीच साल्सा एक चमचा तेलात चार-पाच मिनिटं परतली की दाट होते, जरा गोडसर होते, आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहते. म्हणून रविवारी दुप्पट करायची.

दुसरी वस्तू बीन्स. तिकडे त्यांना फ्रिहोलेस म्हणतात आणि रोज, अगदी रोज असतात, आपल्या डाळीसारख्या. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा त्याचा पाया म्हणून मका, बीन्स आणि मिरची हीच तीन नावं सांगितली, अवाकाडो नाही नि चीजही नाही. व्हेराक्रूझच्या बाजूला काळ्या बीन्स खातात. आपल्याकडे लोक त्याला राजमा वापरतात, ठीक आहे, पण मला विचाराल तर आपले काळे वाटाणे जास्त जवळचे. रंग तसाच, मातीसारखा वास तसाच, फक्त साल जाड. दोन वाट्या काळे वाटाणे रात्री भिजत घाला, सकाळी पाणी बदला, अर्धा कांदा नि दोन लसूण पाकळ्या टाकून कुकरला सहा शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅसवर. बोटात चिरडून बघा, मधे कणी लागली तर अजून दोन शिट्ट्या. राजमा घेतलात तर एक सांभाळा, तो अर्धकच्चा कधी खायचा नाही, पोट बिघडतं, कुकरमध्ये पूर्ण शिजवायचा.

मग कढईत दोन चमचे तेल, बारीक चिरलेला कांदा चांगला लाल होईतो परतायचा, घाई करायची नाही, सगळी चव त्या कांद्यात आहे. वाटाणे त्यांच्या पाण्यासकट ओता, पावभाजीच्या मॅशरने दाबत दाबत आटवा. निम्मे दाणे मोडलेले निम्मे अख्खे, कढईच्या तळाशी पळी ओढली की रेघ उमटून क्षणभर राहिली पाहिजे. थंड झाल्यावर घट्ट होतं म्हणून थोडं सैलच उतरवा. साल जाड लागत असेल तर निम्मे मिक्सरला एकदा फिरवून घ्या. वास म्हणून ओरेगानो हवा, पिझ्झाच्या पुड्या घरात साठलेल्या असतीलच, त्या चालतील. मेक्सिकोतला ओरेगानो वेगळ्या झाडाचा असतो पण त्याने आपलं अडत नाही. तोही नसेल तर ओवा, अगदी पाच-सहा दाणे तळहातावर चोळून. जास्त झाला तर भजी खाल्ल्यासारखं वाटेल. याला इंग्रजीत रिफ्राइड बीन्स म्हणतात आणि लोक दोनदा तळायला जातात, तसं काही नाही, स्पॅनिशमधल्या रेफ्रितोसचा अर्थ नीट, चांगलं परतलेलं, एवढाच.

तिसरी वस्तू भाकरी. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, माफ करा.

मक्याचं पीठ आणून टॉर्टिया करायला गेलात तर ती मोडते, सगळ्यांची मोडते, तुमचा दोष नाही. तिकडे मका नुसता दळत नाहीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, याला निश्तमाल म्हणतात. चुन्याने दाण्याची साल सुटते आणि पीठ एकमेकाला धरायला लागतं, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत बरोबर गेली नाही, तर नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायला लागला. चुन्यात एवढी ताकद!

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन हे एकदा करून बघा, प्रयोग म्हणून पण मजा आहे. अर्धा किलो सुका मका, दाणे अख्खे, पॉपकॉर्नचा नाही. दीड लिटर पाणी, त्यात पानवाल्याकडचा खायचा साधा चुना एक लहान चमचा कालवून. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियम नको, चुना त्याला खातो. मका टाकला की पाणी पिवळं होतं. मंद उकळीवर अर्धा-पाऊण तास, मग एक दाणा काढून अंगठा नि तर्जनीत चोळा. साल शेवाळासारखी बुळबुळीत होऊन सुटली पण आतला दाणा अजून टणक आहे, ही खूण. गॅस बंद, झाकण, रात्रभर विसरा. सकाळी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, साली वर तरंगतात त्या ओतून द्या. आता दळणं. पाटा-वरवंटा असेल आणि अंगात जोर असेल तर उत्तम, इडलीचा ग्राइंडर असेल तर त्याहून उत्तम, मिक्सरला पाणी जास्त लागतं नि पीठ सैल होतं, मग तांदळाचं पीठ मूठभर टाकून सावरायचं. वास येईल तो ओळखीचा नसेल, पावसाच्या पहिल्या सरीत भिजलेल्या भिंतीसारखा काहीतरी, चांगला वास असतो. चुना कालवताना मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा, बाकी भीती नाही.

रोजच्याला एवढा खटाटोप कोण करणार, मी पण नाही करत. रोजच्याला आपली उकड. तांदळाच्या भाकरीला तुमच्या सासूबाई उकड काढत असतील ना, तीच रीत. एक वाटी मक्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, मीठ, चमचाभर तेल. पाऊण वाटी पाण्याला उकळी आणायची, पिठावर ओतायचं, उलथण्याच्या दांड्याने ढवळून वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग हाताला पाणी लावून मळायचं. कोरडं वाटलं तर अजून जरासं गरम पाणी. गरम पाण्याने मक्याचं पीठ धरतं, कणकेने लवचिक राहतं. दुधाची पिशवी कापून धुवून तिचे दोन तुकडे घ्या, मध्ये लिंबाएवढा गोळा ठेवा आणि सपाट बुडाच्या ताटलीने दाबा, चौफेर सारखी दाबली की पुरीपेक्षा जरा मोठी चकती होते. आठ वर्षांच्या पोराला हे काम द्या, जेवण तयार होईपर्यंत तो जागचा हलणार नाही. चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून एक-एक मिनिट आणि काढल्या काढल्या फडक्यात गुंडाळायच्या, हे महत्त्वाचं, फडक्यातल्या वाफेत ती मऊ होते. उघडी ठेवलीत की पापड.

सरळ चपाती वापरली तर? वापरा की. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्याच टॉर्टिया खातात. फक्त तेल न लावता, पातळ. घावनात मात्र टॅको भरू नका, मी भरून बघितलेत, कोपरापर्यंत रस्सा.

आणि जाड भाकरीत वाईट काय आहे! तिकडे सोपे म्हणून एक प्रकार असतो, टॉर्टियापेक्षा जाड छोटी भाकरी, तव्यावर अर्धी भाजली की गरम असतानाच कड चिमटून वर उचलायची, पणतीसारखी, मग परत तव्यावर जरा तेल सोडून खमंग करायची. त्या खळग्यात काळ्या वाटाण्याचं मऊ सारण, वर साल्सा, कोबी, कुस्करलेलं पनीर. त्यांचं केसो फ्रेस्को हे चीज जवळपास आपल्या खारट पनीरसारखं, भुगा होणारं, त्यामुळे चीजचा डबा आणायची गरजच नाही, पनीर कुस्करा, मीठ आणि लिंबू चोळा. वर चमचाभर साय, लिंबाचे चार थेंब घालून फेटलेली, ती क्रेमा. तुमच्या घरात मी पहिला पदार्थ हाच करेन. सोमवारी चालतो, मुलांना हातात धरता येतो, सासऱ्यांना खळग्यात सारण थोडं सैल करून द्या, खालची भाकरी भिजून मऊ होते, दाताला त्रास नाही.

म्हणजे रविवारी एक-दीड तास: वाटाणे, साल्सा, आणि एक कांदा पातळ उभा चिरून लिंबाच्या रसात मीठ घालून बरणीत. एवढ्यावर पुढचे तीन दिवस निघतात. केसादिया तर दहा मिनिटांची, टॉर्टियावर चीज पसरा, अर्धी दुमडा, तव्यावर दाबून भाजा, तिथे मात्र वितळणारं चीज हवं, पनीर चालत नाही. पावसाळ्यात अळंबी आली की तिला लसूण घालून कोरडी परतून केसादियात भरतो आम्ही, मेक्सिकोत पण पावसातल्या रानअळंब्या अशाच खातात. पण अळंबी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, स्वतः रानात जाऊन शहाणपणा नको.

शिळ्या उरल्या तर चिलाकिलेस. नाव भारी पण आहे आपली फोडणीची पोळीच, विना फोडणीची. शिळ्या टॉर्टिया किंवा चपात्या शंकरपाळ्यासारख्या कापायच्या, तेलात तळून किंवा तव्यावर कडक करून घ्यायच्या, कढईत साल्सा थोडं पाणी घालून उकळायची, त्यात तुकडे टाकून एकदाच हलवायचं आणि लगेच ताटात, वर साय, कच्चा कांदा, हवं तर तळलेलं अंडं. अर्धे तुकडे मऊ अर्धे कुरकुरीत असताना खायचं, पाच मिनिटं थांबलात की लगदा. नाचोजचा हट्ट आहे ना, तो याच तुकड्यांवर भागवा. नाचोज तरी काय, १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास नावाच्या, अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या गावात अवेळी गिऱ्हाईक आलं म्हणून इग्नासियो अनाया नावाच्या माणसाने हाताला लागलं ते, तळलेले तुकडे, चीज आणि मिरची एकत्र करून दिलं. इग्नासियोला लाडाने नाचो म्हणतात, म्हणून नाचोज. घाईतला पदार्थ आहे, त्याला किट कसलं?

आता मासे, कारण कोकणात राहून नुसते वाटाणे किती दिवस सांगू. फिश टॅको मेक्सिकोतल्याच बाहा कॅलिफोर्नियाचे, एन्सेनादा बंदरातले प्रसिद्ध. सुरमईचा काटे काढलेला तुकडा बोटाएवढा कापा किंवा मुडदुशी उभी चिरून मधला काटा काढा. मीठ, मिरपूड, लिंबू, बास, आगळ-हळद-मसाला नको, आज एक दिवस राहू दे. अर्धी वाटी मैदा, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, आणि थंडगार सोडा वॉटर घालून भज्यापेक्षा जरा पातळ पीठ, तळणीत सोडायच्या क्षणीच कालवायचं. गरम तुकडा टॉर्टियात, वर केसासारखा बारीक कोबी, दही-मेयोनीज-लिंबू फेटून केलेलं पांढरं, साल्सा. मुलगा रोज मागेल आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. पावसाळ्यात जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातला जुना मासा आणून हे करू नका, त्या दिवसांत अंडं किंवा अळंबी.

तांबोशी मिळाली आणि मोठी माणसं जेवायला असली तर व्हेराक्रूझ पद्धतीने करा. तिकडे अगदी तांबोशीच्याच जातीचा लाल मासा घेतात. ऑलिव्ह ऑइलमध्ये कांदा-लसूण, भरपूर चिरलेला टोमॅटो, तमालपत्र, ओरेगानो, ऑलिव्ह, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या आणि मुरवलेली मिरची, त्यात मासा झाकून शिजवायचा. इथे केपर कुठून आणणार, मी खारातल्या कैरीचे बारीक तुकडे टाकतो, तोच आंबटखारट चावा लागतो. हे मात्र माझं, व्हेराक्रूझच्या कुणाला दाखवू नका. बायकोचं मत की त्यात दोन चमचे खोबऱ्याचा रस हवा. आमच्यात यावरून अजून चालू आहे.

एका गोष्टीला हात लावू नका, सेविचे. कच्चा मासा लिंबात मुरवतात, इंटरनेटवर बघून मुलीने मागितलंच तर सांगा की लिंबाने मासा पांढरा दिसतो पण त्यातले जंतू-कृमी मरतील याचा भरवसा नाही. त्याऐवजी कोळंबी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, गुलाबी होऊन वळली की काढा, गार करा, मग लिंबू, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, बारीक मिरची. जवळपास तीच चव येते आणि रात्रीची झोप शांत.

अवाकाडोचं राहिलं. कधी कोणी मुंबईहून येत असेल तर दोन कडक आणायला सांगा, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले की तीन-चार दिवसांत पिकतात, देठाशी दाबून जरा मऊ लागला की कापायचा, कांदा, कोथिंबीर, मिरची, लिंबू, मीठ, काट्याने मोडायचं, झालं ग्वाकामोले. नाही मिळाला तर ग्वाकामोले करायचंच नाही. हिरवे वाटाणे वाटून त्याला ग्वाकामोले म्हणणं मला पटत नाही, पोरांना पण फसवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी एप्रिल-मेमध्ये कैरी बारीक चिरून कांदा, कोथिंबीर, मिरची, मीठ, टॅकोवर ती घाला. तिकडे रस्त्यावर आंबा कापून वर तिखट-मीठ-लिंबू टाकून देतात, त्यामुळे हे काही परकं नाही. हालापेन्यो मिरचीची बरणी पण आणू नका, भज्याची मिरची आणि गाजराच्या चकत्या व्हिनेगर-पाणी-मीठ-साखरेत एक उकळी देऊन भरून ठेवा, दोन दिवसांत तयार.

लाल भात हवाच असेल तर तांदूळ धुवून निथळून तेलात दाणा पांढरट होईतो परता, वाटलेला टोमॅटो-कांदा-लसूण घाला, आटू द्या, मग पाणी, मीठ, झाकण. आपला कोलम चालतो. प्यायला कोकम सरबत, दुसरं काही शोधू नका. तिकडे आग्वा दे हमायका म्हणून लाल आंबट सरबत टेबलावर असतं, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं, आणि पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मी खरंच गटकन पिऊन ग्लास परत पुढे केला, एवढं घरचं वाटलं होतं. सरबतात जिरं-मिरपूड मात्र घालू नका त्या दिवशी.

तामालेस बद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण गौरीगणपतीला पातोळ्या करत असाल म्हणून सांगतो. चुन्यातल्या मक्याच्या भरड पिठात लोणी नि मीठ फेटून, मध्ये वाटाण्याचं किंवा चिकनचं सारण, केळीच्या पानात पुडी बांधून मोदकपात्रात तासभर वाफवायचं. तिथल्या किनाऱ्यावर केळीच्याच पानात करतात. पान आधी आचेवर फिरवून मऊ करा नाहीतर घडी घालताना फाटतं. हे तुमच्या सासूबाईंच्या हाती द्या आणि तुम्ही बाजूला व्हा, पान दुमडायचं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नीट जमेल.

मग येत्या रविवारसाठी शनिवारी रात्री दोन वाट्या काळे वाटाणे भिजत घाला. मिरच्या भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि सासऱ्यांना तेवढा वेळ पुढच्या पडवीत बसवा, ठसका जबर लागतो. सोपेची पहिली दोन-तीन मोडतील, ती तव्याशीच उभ्या उभ्या मिठाबरोबर खाऊन टाका. आणि चुना आणाल तो साधा, बिनवासाचा बघून घ्या.